तौंगूची बातमी

"त्याच्यासंग कोन हाये?"

परदेशातून आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याचं नाव निघालं, की आमच्या वार्डनसाहेबांचा हा प्रश्न ठरलेला असायचा. पोरगा तापाने पडलाय म्हणा, बाजारात गेलाय म्हणा, नाहीतर नुसता चिंचेखाली वाचत बसलाय म्हणा. ते हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे. "कोणी नाही" असं उत्तर आलं की छत्री उचलून स्वतः निघायचे.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. दुसऱ्याची काळजी करण्याचा त्यांना छंदच असतो, आणि ज्याची काळजी करतात तो बिचारा बेजार होतो. वार्डनसाहेब त्यातलेच. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की आधी हसू येतं आणि मग हात थांबतो, म्हणून इतकी वर्षं लिहायचं राहून गेलं.

गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर मिशनचं एक कॉलेज होतं. शाळामास्तर आणि धर्मोपदेशक तयार करणं हे त्याचं काम. इमारती बेताच्या, पण मिशनचा पसारा समुद्रापलीकडे, त्यामुळे सिलोन, बर्मा, आफ्रिका अशा ठिकाणांहून दरवर्षी थोडी मुलं आमच्याकडे शिकायला यायची. त्यांना कामापुरती मराठी शिकवायला मला ठेवलं होतं. मी हिंदू आणि पगार मिशनचा, पण त्याबद्दल दोन्हीकडून कधी कोणी कुरकुर केली नाही.

वार्डनसाहेब मूळचे तिरोड्याकडचे. मोठ्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी पोराला खांद्यावर बसवून मिशनचं फाटक गाठलं होतं. त्या पोराने पुढे इंग्रजी अशी कमावली की गोऱ्या प्रिन्सिपलसाहेबांची पत्रंसुद्धा तो दुरुस्त करायचा. पण काळीज हललं की इंग्रजी सुटायची आणि तिरोड्याची बोली बाहेर पडायची.

नवा विद्यार्थी येणार असला की ते स्वतः स्टेशनवर जात. मुलगा गाडीतून उतरतो न उतरतो तोच त्याला एक जोडीदार नेमून देत. जोडीदाराने त्याच्याबरोबर जेवायचं, त्याच्याबरोबर हिंडायचं, त्याच्या खोलीत झोपायचं. आफ्रिकेतल्या न्यासालँडहून आलेला एक धिप्पाड विद्यार्थी होता. तो न्हाणीत गेला की जोडीदार दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा. शेवटी त्या विद्यार्थ्याने माझ्याकडून एकच मराठी वाक्य पाठ करून घेतलं, "मला एकट्याला अंघोळ येते." ते त्याने वार्डनसाहेबांना जाऊन म्हणून दाखवलं. वार्डनसाहेबांनी उच्चाराबद्दल शाबासकी दिली आणि जोडीदार तसाच ठेवला.

सिलोनच्या एका कविमनाच्या मुलाने तर कंटाळून बोडीच्या काठचं आंब्याचं झाड गाठलं आणि फांदीवर जाऊन बसला. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बातमी पोचली. वार्डनसाहेब आले आणि झाडाखाली छत्री उघडून बसले. मी विचारलं, "साहेब, उन्हात काऊन बसून राहिले?" म्हणाले, "त्याले बोलायचं नाई तं नको बोलू दे. पन खाली पाह्यलं तं कोनी दिसलं पाह्यजे." दुपार कलली तेव्हा तो मुलगा उतरला, आणि दोघं एका छत्रीतून परत आले. छत्री अर्थात त्या मुलाच्या डोक्यावर होती.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणत असू. बाईंची जीभ धारदार होती. "तुमच्या मायेनं एखादं पोरगं गुदमरून जाईन," असं त्या त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. ते फक्त हसायचे.

एकदा संध्याकाळी सडकेच्या पुलावर आम्ही दोघं बसलो होतो. कशावरून कोण जाणे, त्यांनी आपली अमेरिकेची गोष्ट काढली. तरुणपणी मिशनने त्यांना तिकडच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकायला पाठवलं होतं. वर्गातले लोक चांगले होते, हसून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. एका हिवाळ्यात कचेरीतल्या बाईने त्यांना व्हरांड्यात थांबवलं आणि सांगितलं, तुमचे वडील वारल्याची तार आली आहे, आम्हाला फार वाईट वाटतं. बोलता बोलता तिने घड्याळ पाहिलं. मग ती तिच्या कामाला गेली.

"खोलीत जाऊन बसलो, मास्तर. बाहेर बर्फ. कोनी आलं नाई. कोनाले माहीतच नव्हतं तं येईन कोन? आन् मले भूक लागली जी. बाप मेला आन् मले भूक लागली. जेवनघर बंद झालं होतं. कोनाले सांगू?" मग उठून म्हणाले, "चला, पोरं जेवली का पाहू."

त्या दिवसापासून त्यांच्या जोडीदारांची थट्टा करणं मी कमी केलं.

आता सॅम्सनबद्दल सांगायला हवं. तो बर्मातल्या तौंगूजवळच्या डोंगरातला कारेन जमातीचा मुलगा. नाव सॅम्सन आणि अंगाने काडी. बाप नव्हता. आई तौंगूच्या मिशन दवाखान्यात नर्स. तिनेच हट्टाने त्याला इतक्या दूर शिकायला पाठवलं होतं. मी शिकवलेली पुस्तकी मराठी त्याने बाजूला ठेवली आणि स्वयंपाक्याकडून आमच्या झाडीपट्टीची बोली उचलली. एकदा प्रिन्सिपलसाहेबांनी त्याला मराठीत प्रश्न विचारला, तर हा म्हणाला, "काऊन जी?" साहेब माझ्याकडे पाहत राहिले.

वार्डनसाहेबांनी या एकाच मुलाला जोडीदार नेमला नाही. त्याला आपल्याच घरी ठेवला. त्यांना एक मुलगी होती, मुलगा नव्हता. हे एवढं कारण असेल असं मला वाटत नाही, पण ते कारण होतंच.

संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलायचा. माझा मराठीचा वर्ग त्यानंतर असल्यामुळे मी व्हरांड्यात बसून ऐकत असे. सॅम्सन आपल्या भाषेत प्रार्थना करायचा आणि शेवटचं वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणायचा, "देवा, माह्या मायले बरी ठेव." त्यावर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्याने 'आमेन' यायचं ते वार्डनसाहेबांचं.

मग बर्मात लढाई पोचली. तिकडून येणारी पत्रं बंद झाली. त्या उन्हाळ्यात बर्मातून पळून आलेल्या लोकांनी भरलेल्या गाड्या कलकत्त्याकडून गोंदियावरून जाऊ लागल्या. पाय सुजलेले, अंगावर एकच कपडा, बायका तर बोलायच्याही नाहीत. मिशनने फलाटावर पाणी आणि तांदळाची पेज द्यायची सोय केली. वार्डनसाहेब, सॅम्सन आणि मी रोज तिथे. सॅम्सन बादली घेऊन डब्या-डब्यातून फिरायचा आणि एकच विचारायचा, "तौंगू? तौंगू का कोई है?" बहुतेक लोक मान हलवायचे.

एके दुपारी एक तेलुगू माणूस उतरला. डोक्यावर मळलेली पांढरी टोपी, हातात पत्र्याची पेटी. त्याला वरंगळकडे जायचं होतं, म्हणून चांद्याची छोटी गाडी पकडायची होती. मी त्याला पेज दिली आणि सहज विचारलं. तो म्हणाला, "तौंगू. मिशन हॉस्पिटल. कंपाउंडर." वार्डनसाहेब माझ्या शेजारीच होते. त्यांनी सॅम्सनच्या आईचं नाव घेतलं. त्या माणसाने पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"हॉस्पिटल पे बम गिरा, साहब. उसी दिन गई. मिट्टी मैंने खुद दी."

फलाटाच्या दुसऱ्या टोकाला सॅम्सन बादली भरत होता. त्याने टोपीवाल्याशी बोलताना आम्हाला पाहिलं आणि बादली घेऊन तो आमच्याकडे यायला निघाला.

इथे आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. बाहेरगावी असलेल्या माणसाला आमच्याकडे मरणाची बातमी तिथल्या तिथे सांगत नाहीत. घरचा कोणी जातो, "बाबाची तब्येत जरा बिघडली, चाल" म्हणून त्याला घेऊन येतो. वाटेत खाऊ घालतो, इकडचं तिकडचं बोलतो. माणसाला मनातून कळलेलं असतं, तरी कोणी बोलत नाही. घर दिसेपर्यंत सांगायचं नसतं. घरात रडायला माणसं असतात, अंघोळीचं पाणी तापवायला असतात, धरायला असतात. आपण सगळे असंच करत आलो आणि त्यात काही चूक आहे असं कोणाला वाटलं नाही.

वार्डनसाहेबांनी त्या कंपाउंडरचा दंड धरला. "उसका बेटा है. अभी मत बोलना. चलो, तुम्हारी गाड़ी लगी है." आणि त्याला जवळजवळ ओढत छोट्या गाडीच्या फलाटाकडे नेलं. त्याची पेटी स्वतः उचलली. सॅम्सन माझ्यापर्यंत पोचला, मला विचारणार तेवढ्यात साहेब घाम पुसत परत आले.

"तौंगूचा होता का जी तो?"

"नाई बापू. रंगूनचा होता. तौंगूवाले मांगच्या गाडीत येतीन."

हे बोलताना त्यांचा आवाज इतका सरळ होता की मलाच क्षणभर खरं वाटलं. छोटी गाडी सुटली. सॅम्सन मागच्या गाडीची वाट पाहत बादली घेऊन उभा राहिला.

घरी परतताना ते मला म्हणाले, "सडकेवर, फलाटावर त्याले सांगू? लोकायच्या गर्दीत? मले सांगतलं होतं तसं?" मग म्हणाले, "लढाई संपू द्या. मी सोता त्याले घेऊन तौंगूले जाईन. त्याच्या मामायच्या, मावश्यायच्या घरात बसवीन आन् मंग सांगीन." प्रिन्सिपलसाहेबांना त्यांनी कळू दिलं नाही, कारण तो माणूस दुसऱ्या दिवशी मुलाला कचेरीत बोलावून सांगून मोकळा झाला असता.

त्यांना वाटलं होतं, लढाई पावसाळ्यापर्यंत संपेल. ती संपेना. सॅम्सनची परीक्षा झाली, तो मिशनच्याच शाळेत शिकवू लागला, आणि रोज संध्याकाळी त्याचं ते वाक्य चालूच होतं. वार्डनसाहेबांचं 'आमेन' मात्र गेलं. ते वाक्य जवळ आलं की ते दिव्याची वात सारखी करायला वाकायचे, नाहीतर खोकायचे. पुढेपुढे त्यांनी प्रार्थनेला येणंच कमी केलं. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, मी रोज म्हंतो, सांगून टाका. ते म्हंतात, आज नाई. आता तं मलेच वाटते का येळ निघून गेली."

खोटं एकदा बोललं की दुसऱ्या दिवशी ते आणखी जड होतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर मुलगा रडला असता आणि त्यांच्याच गळ्यात पडून रडला असता. वर्षाने सांगायचं म्हणजे आधी त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागणार होता. वार्डनसाहेबांना ते कळत होतं, आणि त्यांची झोप उडाली होती.

शेवटी लढाई संपली. बर्माच्या लोकांना परत पाठवायची व्यवस्था सुरू झाली. वार्डनसाहेबांनी आपल्यासाठीही अर्ज केला, मिशनकडे रदबदली केली, कलकत्त्यापर्यंत जाऊन आले. उत्तर एकच, जहाजात जागा फक्त तिकडच्या माणसांना. त्यात त्यांचा दमा बळावलेला. घरी नेऊन सांगायची रीत होती, पण ते घर समुद्रापलीकडे होतं आणि तिथे सोबत जाणारं कोणी नव्हतं.

निघायच्या थोडे दिवस आधी सॅम्सन बाजारातून कोशाचं रेशमी कापड घेऊन आला. आमच्याकडे कोशाचे विणकर आहेत, त्यांच्याकडून त्याने खास विणून घेतलं होतं. ते त्याने वार्डनसाहेबांसमोर बाजेवर पसरलं आणि विचारलं, "मायले शोभंल का जी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला, पाद्रीसाहेबांना आणि स्वयंपाक्याला घरी बोलावलं. बाईंनी चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं होतं. आम्ही सगळे सतरंजीवर बसलो होतो. सॅम्सन शाळेत जायला म्हणून खोलीतून बाहेर आला, आम्हाला पाहिलं, चुलीवरचं पाणी पाहिलं. इतकी वर्षं झाडीपट्टीत राहिलेला मुलगा, त्याला सांगावं लागलं नाही. तो उंबऱ्यावरच बसला.

"कधी?" त्याने विचारलं.

वार्डनसाहेबांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सॅम्सन ऐकत राहिला. मग म्हणाला, "पांढरी टोपी होती त्याची. मी पाह्यलं होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "तो अजून काय म्हनला?"

"दवाखान्यावर बॉम्ब पडला म्हनला. माती त्यानं देली म्हनला."

"कुठं देली?"

वार्डनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिनं काही म्हनलं होतं का? लगेच गेली का? तिच्यासंग कोन होतं?"

"मी इचारलंच नाई, बापू," वार्डनसाहेब म्हणाले. "तू येऊन राहिला होता. मले त्याले गाडीत बसवायची घाई होती."

"त्याचं नाव?"

त्यांनी नावही विचारलं नव्हतं. तो माणूस वरंगळकडे गेला एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं.

सॅम्सन रडला नाही, ओरडला नाही. फक्त इतकंच म्हणाला, "मी रोज देवाले सांगत होतो का तिले बरी ठेव. देवाले माहीत होतं. तुमाले माहीत होतं. मलेच माहीत नव्हतं." वार्डनसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. तो उठून खोलीत गेला आणि त्याने दार आतून लावून घेतलं. बाईंनी तापवलेलं पाणी तसंच निवलं.

जायच्या दिवशी त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. कोशाचं कापड त्यांच्याच हातात दिलं. वार्डनसाहेबांना त्याने "येतो जी" म्हटलं, पण स्टेशनवर कोणी येऊ नये असंही सांगितलं. साहेब फाटकापर्यंत गेले आणि थांबले. टांगा दिसेनासा झाला तरी ते उभे होते. बाईंनी जाऊन त्यांना आत आणलं.

त्यानंतर ते दोनदा छोट्या गाडीने चांद्याकडे आणि तिथून पुढे वरंगळपर्यंत जाऊन आले. मिशनच्या दवाखान्यांतून चौकशी करत हिंडले. बर्मातून आलेला कंपाउंडर, पांढरी टोपी, पत्र्याची पेटी. तिकडचे लोक विचारायचे, नाव काय? दुसऱ्या वेळी परतले ते ताप घेऊनच. सॅम्सन तौंगूला पोचल्याचं मिशनकडून कळलं, पण त्याच्याकडून कधी दोन ओळी आल्या नाहीत. मला त्या मुलाचा राग येत नाही. साहेबांचाही येत नाही. फक्त फार वाईट वाटतं, आणि ते कोणावर टाकावं हे कळत नाही.

याच सुमारास त्यांच्या मुलीला अमेरिकेत शिकायची संधी मिळाली. बाईंना वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी तिला पाठवली. स्वातंत्र्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांचा दमा फार वाढला आणि मिशनच्या दवाखान्यात एका सकाळी ते गेले.

पाद्रीसाहेब आणि गावची वडीलधारी मंडळी म्हणाली, पोरीला एवढ्यात कळवू नका. परक्या देशात एकटी आहे, परीक्षा जवळ आली आहे. 'तब्येत बरी नाही' एवढंच लिहा, परत येईल तेव्हा आपण सगळे आहोतच. मीसुद्धा मान हलवली असेन. जन्मभराची सवय.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाई. त्यायनं मले सांगून ठेवलं हाये. मास्तर, तार करा. 'बाबा गेले' असंच लिहा. आन् एक तार तिथल्या बोर्डिंगच्या बाईले. म्हना, पोरीले सांगाल तवा तिच्याजवळ बसा, आन् तिले जेवू घाला."

मी तारा केल्या. परत आलो तर बाईंनी कागद काढून ठेवला होता. तारेत सगळं मावत नाही, पत्र आजच टाकायचं, असं त्या म्हणाल्या. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. बाबांना दवाखान्यात कधी नेलं. रात्री कोण जागलं. खाट खिडकीशी होती आणि खिडकी उघडी होती. सकाळी उजाडल्यावर त्यांनी घोटभर पेज घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले. नंतर तुझं नाव घेऊन विचारलं, तिकडे आता रात्र असेल ना? मग बोलले नाहीत. फार त्रास झाला नाही. कबर कुठल्या झाडाजवळ, माती कोणी कोणी दिली, प्रत्येकाचं नाव.

पत्र संपलं. मी घडी घालू लागलो तर बाईंनी हात धरला.

"मीठ कमी होतं, ते लिहिलं ना, मास्तर? पोरगी इचारंल."

मी कागद उघडून ती ओळ त्यांना वाचून दाखवली.